प्लॉटला लागून पाणी

रोह्याच्या खाली कुंडलिका नदी रुंद होत जाते आणि तिची खाडी कधी झाली ते नेमकं कुणाला सांगता येत नाही. तिथे, खारशेत गावाच्या पार टोकाला, ठोंबरवाडी आहे. बावीस घरं, एक बोअरिंग आणि मागे तिवरांची हिरवी भिंत. या वाडीत जानी हिलम राहते. वय पन्नाशीच्या आसपास, अंग सुकलेल्या बोंबलासारखं, आणि चेहरा असा, की आत्ताच कुणाची तरी फिरकी घेऊन आली असावी किंवा घ्यायला निघाली असावी.

दोन वर्षांमागे एक माणूस फॉर्म घेऊन वाडीत आला होता. कोण काय काम करतं, किती वाजता जातं, हे त्याला लिहून न्यायचं होतं. जानीने सांगितलं, "मी चिंबोऱ्या पकडते, चिखलातले खेकडे."

"किती वाजता जाता?"

"पाणी सुकलं का जाते."

"हो, पण इथे वेळ लिहावी लागते."

"मग लिवा की. आज अकराला. उद्या पावणेबाराला. परवा साडेबाराला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सव्वाला..."

तो बिचारा ओहोटीच्या वेळा लिहीत गेला. पौर्णिमेपर्यंत त्याचं पान भरलं. दुसऱ्या पानावर अमावास्या आली. "आता रातची सुकती ऱ्हायली, ती पन घ्या," असं जानी म्हणाली तेव्हा त्याने मान वर केली. ओट्यावर बसलेल्या सगळ्या बाया तोंडात पदर कोंबून हसत होत्या. त्याने दोन्ही पानं फाडली आणि रकान्यात एकच शब्द लिहिला: अनियमित.

जानीची सून करिश्मा दहावी झालेली. माहेर जिते गावचं, स्टेशनजवळचं, त्यामुळे वाडीतली सगळी कागदपत्रं तीच वाचते. तिने त्या शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा मात्र जानीचं हसू मावळलं. "अनियमित? मी?" ती म्हणाली. "अगो, खाडीएवढी टायमाची पक्की कोन हाय का जगात? आन मी तिच्या मागनं चालते."

आणि ते खरंच होतं. जानीला पाणी आईकडून आलेलं. आई चिखलात पुढे चालायची आणि जानी तिच्या पावलात पाऊल टाकत मागे. आई बोटांच्या पेरांवर तिथी मोजायची आणि पाण्याची वेळ सांगायची. अष्टमीला पाणी कमी चढतं, कमी उतरतं, त्याला भांग म्हणतात. ते पाणी शहाणं. अमावस-पुनवेला उधाण येतं; ते पाणी मस्तीखोर. पण सगळ्यात उंच पाणी अमावास्येच्या दिवशी येत नाही, दोन दिवसांनी येतं, हे खाडीकाठच्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. आणि उन्हाळ्याच्या शेवटी दुपारचा वारा दर्याकडून सुटला, की तो पाण्याला मागून ढकलतो. मग चढलेलं पाणी वेळ झाली तरी उतरायचं नाव घेत नाही. आईने हे सगळं शिकवलं. त्याचा खोडीसाठी कसा उपयोग करायचा ते जानी स्वतः शिकली.

पहिला धडा मिळाला नवऱ्याला. चंदर लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात फार मिरवायचा, मी असा पोहतो, मी तसा पोहतो. जानीने त्याला गोड बोलून कालवं काढायला खाडीच्या मधल्या खडकावर पाठवलं. खडक तेव्हा उघडा होता. चंदर कालवं फोडण्यात दंग झाला आणि मान वर करतो तर चारी बाजूंनी पाणी. प्रवाहाला अशी ओढ, की पोहण्याच्या सगळ्या बढाया घशात अडकल्या. सहा तास तो खडकाच्या शेंड्यावर बगळ्यासारखा बसून राहिला. जानी काठावर बसून त्याला मधूनमधून हाक मारायची, "जेवायला येताव का?" तेव्हापासून चंदर आंघोळीला नदीवर जायचं असलं तरी बायकोला विचारून जातो.

तर अशा या बाईकडे दोन वर्षांमागे दिवाळीनंतर दिनेशशेठ आला.

दिनेश मूळचा खारशेतचाच. पण पनवेलला जाऊन आला, जमिनीच्या धंद्यात पडला, पेणला नाक्यावर काचेचं ऑफिस टाकलं आणि गावात येताना गाडीची काच वर ठेवू लागला. वाडी आणि खाडी यांच्यामधली पडीक खारी जमीन त्याने घेतली, थोडा मुरूम टाकला, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले आणि वर कमान उभी केली: जलविलास. पण लोक प्लॉट बघायला यायचे ते नेमके सुकतीच्या वेळी. समोर जलही नाही, विलासही नाही. नुसता काळा चिखल, त्यात उड्या मारणाऱ्या निवट्या, चिखलातले बोटभर मासे, आणि असा वास, की एका गिऱ्हाइकाने गाडीतून न उतरताच विचारलं, "इथे गटार आहे का?"

दिनेशकडे मोबाईलवर भरतीची वेळ दाखवणारं अॅप होतं. पण ते वेळ सांगायचं दर्याच्या तोंडाची. तिथून पाणी खाडीत वळणं घेत ठोंबरवाडीला पोचायला वरती तास लागतो. अॅपच्या वेळेवर विसंबून दिनेश दोनदा तोंडघशी पडला. चंदरने त्याला सांगितलं, "माज्या बायकोला इचार. तिला इचारल्याबिगर मी चड्डीपन भिजवत नाय."

जानीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगते. पन आमची वाट बंद करायची नाय. तुज्या जमिनीतनं बांधावरनं आमी खाडीवर जातो, ती तशीच ऱ्हायला पायजे."

"वाट तुझीच, जानीमावशी," दिनेश म्हणाला. "शब्द दिला."

मग जानी त्याला वेळा सांगू लागली. अष्टमीच्या आगेमागे संध्याकाळी सहाला गिऱ्हाइकं आणायची. तेव्हा भांगाचं पाणी बेताने भरत असतं, वारा पडलेला असतो आणि मावळतीचा सूर्य खाडीत तांबडा होऊन उतरत असतो. चिखल झाकलेला, वास दडपलेला. आलेली माणसं हरखून जायची. बायका नवऱ्यांकडे बघायच्या, नवरे मोबाईल काढायचे. दिनेश छाती फुगवून सांगायचा, "हे असंच असतं. बाराही महिने." जानी लांब तिवरांत बसून ते ऐकायची आणि पोट धरून हसायची. बाराही महिने काय, दीड तासाने तिथे पुन्हा चिखल उघडा पडायला लागायचा. तोवर गिऱ्हाइकं कोलाडच्या ढाब्यावर जेवायला बसलेली असायची. गंमत म्हणजे त्या ढाब्यावर त्यांच्या ताटात येणारी चिंबोरी जानीनेच सकाळी दिलेली असायची, त्याच चिखलातली.

सव्वा वर्ष हे असं सुरळीत चाललं. मग गेल्या फाल्गुनात दिनेशने दोन कामं केली. उधाण अडवणारा समोरचा जुना बांध गिऱ्हाइकांच्या डोळ्यांच्या आड येतो म्हणून त्याने जेसीबी आणून तीस पावलांच्या लांबीत तो दोन हात खाली उतरवला. आणि चहूबाजूंनी काटेरी तार ओढून बांधावरच्या वाटेवर लोखंडी गेट लावलं. गेटला कुलूप.

सकाळी बाया टोपल्या घेऊन गेल्या तर वाट बंद. खाडी समोर दिसत होती, हाक मारली तर ऐकेल इतकी जवळ. पण जायचं तर खारशेताला वळसा घालून, स्मशानावरून, पलीकडच्या उघाडीवरून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या फळ्यांच्या दारावरून. जायला एक तास, यायला एक तास. चैत्राच्या उन्हात येईपर्यंत अर्ध्या चिंबोऱ्या मरायच्या, आणि मेलेली चिंबोरी कुणी घेत नाही.

जानी पेणला जाऊन काचेच्या ऑफिसात उभी राहिली. दिनेशने तिला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि हात जोडले. "मावशी, माझं काही नाही गो. पार्टनर ऐकत नाय. गिऱ्हाईक आलं का तुम्ही चिखलाने भरलेल्या, टोपल्या डोक्यावर. बरं दिसत नाय."

"आमी बरं दिसत नाय?"

"तसं नाय..."

"शबूद दिलेलास तू."

"पुढच्या वर्षी बघू काहीतरी."

जानी रडली नाही, भांडली नाही. ती हसली आणि उठली. एसटीने परत येताना गडबला बहिणीकडे उतरली, चहा प्यायली. बहिणीने तिच्या तोंडाकडे बघून विचारलं, "काय गो, कुनाचा नंबर लागला?"

वैशाख उतरणीला लागला आणि दिनेशचाच फोन आला. फोन करिश्माच्या हातात, जानी चूल फुंकत होती. दिनेशला मोठा कार्यक्रम करायचा होता. ठाण्या-डोंबिवलीकडून गिऱ्हाइकांची अख्खी बस, मंडप, जेवण, ड्रोन, सगळं. "आणि मावशी, या वेळी पाणी भरगच्च पाहिजे. मागच्या वेळेला एक जण म्हणाला, पाणी लांब दिसतं. जवळ पाहिजे. एकदम प्लॉटला लागून."

जानीने फुंकणी खाली ठेवली. "लागून?"

"लागून."

"नक्की लागून पायजे ना? मागनं बोलशील, जरा लांबच बरं व्हतं."

"अगो लागूनच! फोटोत खुर्ची आणि पाणी एकत्र आलं पाहिजे."

"मग अमावस झाली का दोन दिवसांनी रविवार येतो. त्या दिवशी दुपारी दोन."

"माझ्या अॅपवर एकला दाखवतंय."

"अॅपचं पानी एकला तुज्या अॅपकडं येल. आपल्याकडं दोनला येल. आन वारा असला तर मागनं अजून."

दिनेशने एवढंच धरलं, की बस बारापर्यंत आणायची. फोन ठेवल्यावर करिश्मा सासूकडे बघत राहिली. "आये, तू खरं सांगितलंस का खोटं?"

"एक अक्षर खोटं नाय," जानी म्हणाली. "तेच तर हाय."

पण त्या रात्री तिला लगेच झोप लागली नाही. बसमध्ये म्हातारी माणसं असतील, लेकरं असतील. ती सकाळी वळसा घालून रस्त्याच्या बाजूने प्लॉटवर गेली. मागच्या उधाणात वाहून आलेला काडीकचरा तारेच्या खांबांना कुठवर चिकटला होता ते तिने बघितलं, उतरवलेल्या बांधावर उभं राहून हाताने माप घेतलं. मंडपाच्या जागी पाणी घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली. तिथे भीती नव्हती. मंडप आणि रस्ता यांच्यामध्ये मात्र जुन्या खाजणाचा, खाऱ्या दलदलीचा, खोलगट पट्टा होता, मुरूम कमी पडल्यामुळे तसाच राहिलेला. तिथे मांडीइतकं भरणार. म्हणजे मंडपातली माणसं बसपर्यंत जाऊ शकणार नाहीत. कोरडा राहणार तो फक्त न उतरवलेला उंच बांध, आणि तो थेट वाडीत येतो. कुलूप लावलेल्या गेटमधून.

जानी तिथेच बांधावर बसली आणि एकटीच इतकी हसली, की जवळची बगळ्यांची जोडी उडून गेली.

शुक्रवारी करिश्माच्या मोबाईलवर इशारा आला: किनाऱ्यावर उंच लाटा, जोराचा वारा, उधाणाच्या वेळी सखल भागात पाणी येण्याची शक्यता. जानीने तो जसाच्या तसा दिनेशला पाठवायला लावला. "माज्या अंगावर काय यायला नको," ती म्हणाली. दिनेशचं उत्तर आलं: ते समुद्राला आहे मावशी, आपण खाडीत. आणि पुढे हसरा चेहरा.

रविवारी बाराला बस आली. बांधाला लागून शामियाना, खाली लाल गालिचा, पांढऱ्या कव्हराच्या खुर्च्या, एका बाजूला पुलाव आणि गुलाबजामची मोठी भांडी. स्पीकरवर सनई. तारेच्या पलीकडे, वाडीच्या अंगाला, जानी आणि सहा बाया रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून त्यावर रांगेत बसल्या होत्या. दिनेशने लांबून हात केला. त्याला वाटलं, जेवणाच्या आशेने आल्या असतील.

एक वाजता पाणी खरंच उतरवलेल्या बांधाच्या काठाला टेकलं. चमचमणारं, भरलेलं, हात लांब करून स्पर्श करावा असं. दिनेशने माईक घेतला. "मंडळी, घड्याळात बघा. एक वाजून दोन मिनिटं. ही पूर्ण भरती! याच्यापुढे एक इंचसुद्धा नाही. निसर्ग तुमच्या दारात, पण दाराबाहेर!"

टाळ्या पडल्या. डोंबिवलीहून आलेल्या एक बाई पुढच्या रांगेत होत्या. नमिता गोडसे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी हात वर केला. "अहो, पाणी अजून आत येतंय. तो ओंडका बघा, आपल्या दिशेने वाहतोय."

"तो वाऱ्यामुळे, मॅडम."

"तेच म्हणते मी. वारा वाढलाय."

वारा वाढला होता. सनई चालू असताना शामियान्याची झालर फडफडायला लागली. मग माहितीपत्रकं उडाली, मग कागदी ताटांची चळत. ड्रोन उडवणाऱ्याने ड्रोन खाली उतरवला आणि छातीशी धरला. दीड वाजता बांधावरून पाण्याची एक जीभ आत आली, गालिच्याला चाटून मागे गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसरी आली ती मागे गेली नाही. गालिचा तांबड्याचा काळा झाला, आणि पहिल्या रांगेतले लोक पाय वर घेऊन बसले, सिनेमा चालू असताना सफाई करायला कुणी आलं असावं तसे.

"दोन मिनिटं थांबा, उतरेल!" दिनेश माईकवर म्हणाला.

पाठोपाठ पाण्याबरोबर एक निवटी गालिच्यावर आली. डोळे वटारून तिने सगळ्यांकडे बघितलं आणि उड्या मारत स्टेजकडे गेली. एका लहान मुलीने आनंदाने किंकाळी फोडली. गुलाबजामच्या भांड्याचं झाकण वाऱ्याने उडालं. जनरेटरवाल्याने शहाणपणा करून जनरेटर बंद केला, त्याबरोबर सनई आणि दिनेशचा आवाज एकदम गेले. उरला फक्त वारा, पाण्याचा डुबुक डुबुक आवाज आणि तारेपलीकडून सात बायांचं हसणं.

"जाने!" दिनेश ओरडला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. "हे काय केलंस गो?"

"मी काय केलं?" जानी टोपलीवरून न उठता म्हणाली. "तूच बोललास, लागून पायजे. लागलं."

"कधी उतरणार हे?"

"तुजं अॅप काय बोलतंय?"

तोवर माणसं बसकडे निघाली होती. पुढे गेलेला एक धिप्पाड गृहस्थ खोलगट पट्ट्यात मांडीपर्यंत बुडाला आणि मागे फिरला. घाबरगुंडी तिथून सुरू झाली. लेकरं खांद्यावर गेली, एक म्हातारे आजोबा खुर्चीवर उभे राहिले. दिनेशचा चेहरा आता खरोखरच उतरला. तो पाणी तुडवत तारेशी आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, चेष्टा पुरे. माणसं कुठून नेऊ सांग."

जानी तेव्हा उठली. "बांधावरनं. वाट सुकी हाय वाडीपत्तर. तू गेट लावलंस तिच्यावर."

"चावी पेणला ऑफिसात आहे."

"मग?"

दिनेशने कुलपाकडे बघितलं, बायांकडे बघितलं. चंदर बांधावर मागे उभा होता. त्याने कोयता आणि पक्कड तारेवरून पुढे केली. दिनेशशेठने स्वतःच्या हाताने गेटशेजारची तार तोडायला घेतली. एक पदर, दुसरा, तिसरा. तिसऱ्याला त्याचा शर्ट अडकून फाटला. वाट मोकळी झाली तशा बाया आत शिरल्या. त्यांनी लेकरं उचलली, आजोबांना खुर्चीसकट उचललं आणि रांगेने बांधावरून नेलं. दोन बाया पुलावाचं भांडं वाचवून घेऊन आल्या. गुलाबजाम मात्र खाडीला गेले.

पस्तीस माणसं ठोंबरवाडीत पोचली. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या खाटेवर, जिथे जागा मिळाली तिथे बसली. काळ्या चहाचे दोन टोप झाले. चार वाजेपर्यंत पाणी उतरणार नाही, हे जानीने सांगितल्यावर सगळे निवांत झाले आणि मग गप्पांना ऊत आला. पुलाव वाटून खाल्ला. ज्या गृहस्थाने मांडीपर्यंत बुडी मारली होती, तो चंदरची लुंगी नेसून सगळ्यांत मोठ्याने हसत होता.

नमिताबाई जानीजवळ येऊन बसल्या. "खरं सांगा मावशी, तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं."

"त्याला पन सांगितलेलं. मेसेजपन पाठवला."

"मी तीस वर्षं पोरांना भरती-ओहोटी शिकवली. फळ्यावर चंद्र काढून. वाऱ्याचं मी कधी सांगितलंच नाही."

"फळ्यावर वारा कसा काढनार, बाय?" जानी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

बस साडेचारला गेली. एकही प्लॉट बुक झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनेश मोटारसायकलवरून आला. गाडी आणली नव्हती. करिश्माने आतून सांगितलं, "आये, तो आलाय. तोंड बघ कसं केलंय." जानी ओट्यावर चिंबोऱ्यांच्या नांग्या सुंभाने बांधत होती. तिने हात थांबवला नाही.

"माझं वाटोळं केलंस," दिनेश म्हणाला.

"बांध कुनी उतरवला?"

तो चपलेच्या टोकाने अंगणातली माती उकरत राहिला.

"तुजा बाप उघाडीवर व्हता, दिनू," जानी म्हणाली. किती वर्षांनी त्याला कुणी दिनू म्हटलं होतं. "उधाणाला रातभर फळ्या धरून बसायचा. माजी आई जायची त्याच्याकडं, पान्याचं इचारायला. दोगं भांडायचे, कुनाची येळ बरोबर. तू त्याचा पोरगा. आन पान्याचं इचारतोस मोबाईलला."

दिनेश ओट्याच्या कडेला बसला. "तो शिकवायचा मला. मी ऐकायचो नाय. म्हणायचो, खाडीत काय ठेवलंय." थोडा वेळ त्याने टोपलीतल्या चिंबोऱ्या बघितल्या. "तो गेला तेव्हा मी पनवेलला होतो. आलो तर सुकती होती. आठवतंय, नुसता चिखल होता सगळीकडे."

जानीला त्याच्यावर हसता येईना. तिने दोन मोठ्या चिंबोऱ्या बांधून त्याच्यापुढे ठेवल्या. "घरी ने. बायकोला सांग, रस्सा पातळ ठेव."

तो उठला. जाताना एवढंच म्हणाला, "तार मी परत लावीत नाय. पण त्या बांधाचं काय करू?"

"पाऊस पडायच्या आदी होता तेवढा उंच कर. आन वर दोन हात माती जास्ती टाक. उधाण दर साल वर सरकतंय."

त्याने बांध उंच केला. वाट मोकळी राहिली. पेणच्या ऑफिसात आता तो गिऱ्हाइकांना डोंगराकडचे प्लॉट दाखवतो असं ऐकू येतं. खारशेताला आला की काच खाली असते, इतकंच काय ते.

पावसाळा सरून गेला. कार्तिकात एक दिवस नमिताबाईंचा करिश्माला फोन आला. त्या आणि त्यांच्या चार मैत्रिणी येणार होत्या. पाणी कधी आहे ते विचारा, म्हणाल्या.

"पाणी बगायचंय त्यांना?" जानीने विचारलं.

"नाय आये. पाणी नसतं तेव्हा यायचंय. चिखल बघायचाय, त्या निवट्या बघायच्यात."

जानी चकित झाली. चिखल बघायला मुद्दाम डोंबिवलीहून यायचं? तिने बोटांच्या पेरांवर मोजून वेळ सांगितली, आणि ठरल्या दिवशी पाच निवृत्त बायका टोप्या घालून, पँटी दुमडून बांधावर हजर झाल्या. जानीने त्यांना सांगितलं, माज्या पावलातच पाऊल टाका, बाजूला जाऊ नका. पाचही जणी आज्ञाधारक शाळकरी मुलींसारख्या रांगेने निघाल्या.

दहा पावलं गेल्यावर जानी थांबली, मागे वळून बघितलं, आणि मग अगदी थोडीशी डावीकडे वळली. तिथे चिखल गुडघ्याएवढा मऊ होता. त्यात बुडून कुणाला काही होत नाही, फक्त चप्पल परत मिळत नाही.

"मावशी!" मागून नमिताबाईंची हाक आली. "माझी एक चप्पल गेली!"

"ऱ्हाऊ द्या, बाय," जानी पुढे बघून म्हणाली. तिचे खांदे हलत होते. "दुसरीपन आत्ता जाईल."